सर्व्हरच्या दोन केबलमुळे लूप होत नाही

नेटवर्कची कामं करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. थोड्याफार फरकाने तो असा: "सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचला लावू नका, लूप होईल. दोन्ही एकाच स्विचला लावा आणि एलएसीपी करा, वेगही दुप्पट मिळतो. दोन स्विच वापरायचेच असतील तर एसटीपी चालू ठेवा, बाकीचं ते बघून घेतं. शेवटी एक केबल काढून पाहा, पिंग चालू राहिलं की झालं."

एलएसीपी म्हणजे अनेक केबल एका लिंकसारख्या वापरण्यासाठी दोन्ही टोकांनी आपसात करायचा करार. एसटीपी (स्पॅनिंग ट्री) म्हणजे स्विचांनी जादा वाट ओळखून ती अडवण्याची पद्धत. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे पाहणारी छोटी हाक. पहिल्यांदाच रॅक उभे करणारी मुलं हा सल्ला जसाच्या तसा उचलतात आणि पुढे कधीतरी मध्यरात्री त्याची किंमत मोजतात. म्हणून त्यातली एकेक गोष्ट घेतो.

"लूप होईल."

स्विचला एका पोर्टवर ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश) मिळाली की तो ती उरलेल्या सगळ्या पोर्टवर पाठवतो. दोन स्विचमध्ये दोन मोकळ्या वाटा असतील तर फ्रेम एकीने जाते, दुसरीने परत येते आणि पुन्हा निघते. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे आणखी किती राउटर ओलांडता येतील याचा आकडा, असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेट फ्रेममध्ये तशी सोयच नाही. ती फिरत राहते, तिच्या प्रती वाढत राहतात आणि बघता बघता सगळ्या लिंक भरून जातात.

आता त्या दोन स्विचच्या मध्ये सर्व्हर ठेवा. एका नेटवर्क कार्डावर आलेली ब्रॉडकास्ट तो दुसऱ्या कार्डातून बाहेर ढकलतो का? नाही. तो ती स्वतःसाठी घेतो, वाचतो, गरज असेल तर उत्तर देतो. फ्रेमचा प्रवास तिथेच संपतो. ॲक्टिव्ह-बॅकअप बाँडमध्ये (कार्डांची जोडी, एक चालू, दुसरं राखीव) तर राखीव कार्डावर आलेली ब्रॉडकास्ट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सरळ टाकून देतो. लूप व्हायला फ्रेम पुढे देणारा कोणीतरी लागतो, आणि साधा सर्व्हर ते काम करत नाही.

एक अपवाद खरा आहे, आणि मला वाटतं हा सल्ला त्यातूनच जन्मला असावा. व्हर्च्युअल मशीनसाठी लिनक्स ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) केला आणि दोन्ही कार्डं बाँड न करता थेट ब्रिजमध्ये घातली, तर तो सर्व्हर स्वतःच स्विच होतो. लिनक्स ब्रिजमध्ये एसटीपी मुळात बंद असतं, त्यामुळे लूप अडवणारं तिथे कोणी नाही. उपाय एका ओळीचा आहे: आधी दोन कार्डांचा बाँड करा, मग तो बाँड ब्रिजमध्ये घाला. ब्रिजला बाहेर जायची एकच वाट दिसते. शिवाय स्विचवरच्या सर्व्हरच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावून ठेवा. बीपीडीयू म्हणजे एसटीपीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश; ते आले की गार्ड पोर्ट बंद करतो. एसटीपी बंद असलेला लिनक्स ब्रिज एका स्विचचे बीपीडीयू तसेच दुसऱ्या स्विचकडे सोडतो, त्यामुळे चूक झालीच तर तो पोर्ट लगेच बंद होतो आणि वादळ उठायच्या आधी चूक दिसते. व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल स्विचला तर हा प्रश्नच नाही. एका अपलिंकवरून (बाहेरच्या स्विचकडे जाणाऱ्या लिंकवरून) आलेली फ्रेम तो दुसऱ्या अपलिंकवर पाठवतच नाही.

"दोन्ही केबल एकाच स्विचला लावा."

यावर फार बोलण्यासारखं नाही. रॅकमध्ये बांधून ठेवलेली केबल आपणहून क्वचित तुटते. स्विचला मात्र फर्मवेअर बदलताना ठरवून बंद करावं लागतं, त्याचा पॉवर सप्लाय जातो, कधी चुकीची कॉन्फिगरेशन त्याच्यावर चढते. एकाच स्विचमधल्या दोन केबल यातल्या एकाही प्रसंगी कामाला येत नाहीत.

"वेग दुप्पट मिळतो."

एलएसीपी फ्रेम मोजून वाटत नाही. पत्त्यांवरून हॅश (एक ठरावीक आकडा) काढून एक संवाद एका लिंकवर बसवला जातो आणि तो तिथेच राहतो. १० गिगाबिटच्या दोन लिंक असल्या तरी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चाललेली एक मोठी कॉपी १० गिगाबिटच्या पुढे जाणार नाही. लिनक्स बाँडचा मूळ हॅश तर फक्त दुसऱ्या थराचा, म्हणजे मॅक (नेटवर्क कार्डांच्या) पत्त्यांवरचा असतो. सगळा ट्रॅफिक गेटवेच्या (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरच्या) पलीकडे जात असेल तर समोरचा मॅक कायम गेटवेचाच. मग एक लिंक धापा टाकते आणि दुसरी रिकामी बसते. हॅश तिसऱ्या-चौथ्या थरावर, म्हणजे आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवर, न्यावा लागतो. राउंड-रॉबिनने (पाळीपाळीने) खरोखर दोन्हीकडे वाटलं, तर पॅकेटं मागे-पुढे पोचतात आणि टीसीपी त्याला हरवलेली पॅकेटं समजून वेग कमी करतो.

याहून मोठी गोष्ट क्षमतेची आहे. दोन्ही लिंक ७० टक्के भरून चालत असतील तर एक गेल्यावर १४० टक्के भार एकीवर येतो. कागदावर रिडंडन्सी आहे, प्रत्यक्षात नाही. एका लिंकवर सगळं मावत असेल तरच दुसरी राखीव म्हणता येते.

दोन वेगळ्या स्विचवर एलएसीपी करायचा असेल तर ते दोघे सर्व्हरला एकच सिस्टिम आयडी (एकच स्विच असल्यासारखी ओळख) दाखवणारे हवेत. दोन स्विचांना एक भासवायच्या पद्धती अशा: स्टॅक, एमलॅग, व्हीपीसी, किंवा ईव्हीपीएनचं मल्टिहोमिंग. स्वतंत्र स्विचवर एलएसीपी लावला तर बाँड एकाच बाजूचा गट वापरतो आणि दुसरी लिंक नुसती लटकून राहते. एलएसीपीशिवाय स्थिर गट लावला तर आणखी वाईट: एकच मॅक आज या स्विचच्या पोर्टवर, पुढच्या क्षणी त्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर दिसत राहतो आणि लॉग मॅक फ्लॅपच्या ओळींनी भरून जातो. ॲक्टिव्ह-बॅकअपला मात्र स्विचकडून काहीच लागत नाही. दोन्हीकडे तेच व्हीलॅन (स्विचांवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) असावं आणि दोन्ही स्विच एकमेकांपर्यंत पोचावेत, एवढंच. बहुतेक लहान रॅकसाठी मी तोच निवडतो.

"एसटीपी बघून घेतं."

रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या संगणक कंपनीत असताना मांडलेला हा अल्गोरिदम १९९० मध्ये आयईईई ८०२.१डी म्हणून प्रमाण झाला. त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याचं काम स्विच-स्विचमधली जादा वाट अडवायचं आहे, सर्व्हरला एका केबलवरून दुसऱ्या केबलवर नेण्याचं नाही. जुन्या एसटीपीला वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात: मॅक्स एजचे (जुनी माहिती बाद व्हायचे) २०, मग पोर्ट उघडण्याआधी दोनदा १५. २००१ चं रॅपिड एसटीपी पुष्कळ जलद आहे. पण सर्व्हरचा पोर्ट एज (पुढे स्विच नसलेला) म्हणून घोषित केला नसेल तर तिथेही लिंक हिरवी झाल्यावर ३० सेकंद फ्रेम जात नाहीत. बाँडला लिंक हिरवी दिसते, तो खुशाल तिकडे वळतो.

सगळा भार एसटीपीवर टाकला की काय होतं याचं उदाहरण नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इझ्राएल डीकोनेस मेडिकल सेंटरने पाहिलं. वाढत गेलेल्या स्विचच्या जाळ्यात स्पॅनिंग ट्री कोलमडलं आणि ते रुग्णालय काही दिवस कागदावर चाललं.

म्हणून लूप अडवण्यापेक्षा तो काढूनच टाकावा. वर दोन ॲग्रिगेशन स्विच (खालचे स्विच एकत्र आणणारे), खाली दोन ॲक्सेस स्विच (सर्व्हर लागतात ते), प्रत्येक ॲक्सेस स्विचला आपल्या डोक्यावरच्या ॲग्रिगेशन स्विचकडे एक अपलिंक. आता आडवी कडी एकाच मजल्यावर ठेवा. खालचे दोघे जोडले आणि वरच्या दोघांमधली लिंक तिसऱ्या थराची, म्हणजे राउटिंगची, केली तर व्हीलॅनचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा होतो. वरचे जोडले आणि खालचे मोकळे ठेवले तर उलटा यू. दोन्हीत वर्तुळ पुरं होत नाही, एकही पोर्ट अडवून ठेवावा लागत नाही. एसटीपी चालूच ठेवायचं, पण कोणी चुकून केबल खोचली तर पकडायला.

उलट्या यूमध्ये एक सापळा आहे. ॲक्सेस स्विचचा अपलिंक गेला, तर सर्व्हरकडची त्याची लिंक हिरवीच राहते आणि बाँड अंधाऱ्या बोळात पॅकेटं ओतत बसतो. तिथे स्विचवर अपलिंक ट्रॅकिंग लावून अपलिंकबरोबर सर्व्हरचे पोर्टही पाडावे लागतात, किंवा ॲक्टिव्ह-बॅकअप बाँडला एआरपी मॉनिटर (हा आयपी पत्ता कोणाचा, असं पुन्हा पुन्हा विचारणारी तपासणी) लावून गेटवेच उत्तर देतोय का ते विचारत राहावं लागतं.

"एक केबल काढून पाहा."

ही चाचणी मीही वर्षानुवर्षं केली. केबल काढली, बाँड दुसऱ्या कार्डावर गेला, त्याने ग्रॅच्युइटस एआरपी (मी आता इथे आहे, ही आपणहून दिलेली हाक) पाठवला, स्विचांनी मॅक नव्या पोर्टवर शिकून घेतला, एक पिंग हुकलं. सगळे खूश.

मग एका रात्री आम्ही पहिल्या स्विचचं फर्मवेअर बदललं. स्विच बंद झाला तेव्हा एकच पिंग हुकलं, मी चहाला उठणारच होतो. स्विच परत येऊ लागला, सर्व्हरसमोरच्या पोर्टचा दिवा लागला, आणि पिंग थांबलं. दहा सेकंद, वीस, चाळीस. बाँडमध्ये पहिलं कार्ड प्रायमरी (पहिल्या पसंतीचं) ठेवलं होतं. लिंक दिसताच तो तिकडे परतला. पण स्विचचा अपलिंक अजून उठलाच नव्हता. त्या चाळीस सेकंदांत डेटाबेसच्या जोडीतल्या दोघांनी एकमेकांना मेलेलं ठरवलं आणि पहाटेपर्यंत आम्ही ते निस्तरत बसलो. घोळ स्विच जाताना झाला नव्हता, तो परत येताना झाला.

तेव्हापासून मी केबल सगळ्यात शेवटी काढतो. आधी स्विचची वीज ओढतो. मग फक्त अपलिंक बंद करतो, सर्व्हरचा पोर्ट चालू ठेवून. एमलॅग असेल तर दोन स्विचमधली पीअर लिंक तोडून बघतो; व्हीपीसीत कीपअलाइव्ह (दोन स्विच आपण जिवंत आहोत हे एकमेकांना सांगतात ती वेगळी वाट) जिवंत असेल तर दुय्यम स्विच आपले व्हीपीसी पोर्ट बंद करतो, आणि त्याच वेळी एकाच केबलवर लटकलेले सर्व्हर कोणते ते उघडं पडतं. प्रत्येक वेळी जाताना आणि परत येताना, दोन्हीकडचे हुकलेले पिंग मोजतो.

त्या रॅकमध्ये आम्ही बाँडला सांगितलं की चालू कार्ड पडल्याशिवाय प्रायमरीकडे परतायचं नाही, वर अपडिले (लिंक उठल्यावर ती वापरण्याआधी थांबायचा वेळ) ६० सेकंद ठेवला. पुढच्या फर्मवेअरच्या रात्री स्विच जाताना एक पिंग हुकलं, येताना एकही नाही.