एमी वाइनहाउस रॉन्सनने घडवली? मग ‘फ्रँक’ कुणाचा?

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसची एक गोष्ट अधूनमधून हमखास फिरते. शाळेतून हाकललेली, गाणं कधी न शिकलेली लंडनची पोरगी. २००६ मध्ये ती संगीत-निर्माता मार्क रॉन्सनच्या हाती लागली आणि ‘रिहॅब’ या गाण्यामुळे एका रात्रीत स्टार झाली. गोष्ट चटकदार आहे, पण खरी जेमतेम आहे.

हाकलल्याचं एमी स्वतःही सांगायची. शाळेच्या संस्थापिका सिल्व्हिया यंग यांनी मात्र ते जाहीरपणे नाकारलं. आणि ही शाळा कसली, तर नाटक आणि संगीत शिकवणारी! म्हणजे तिथून हाकललं म्हणायचं आणि वर गाणं शिकलीच नाही असंही म्हणायचं. दोन्ही एका दमात कसं जमणार?

घरचं वातावरणही कोरडं नव्हतं. आजी सिंथिया गायिका, आईकडचे मामा व्यावसायिक जॅझ वादक. भावाच्या गिटारवर हात चालवता चालवता एमीने स्वतःची गिटार घेतली, गाणी लिहू लागली आणि २००० च्या सुमारास, सोळा-सतरा वर्षांची असताना, नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गायली. वाद्यवृंदासमोर उभं राहून जॅझ गाणं हे नुसत्या उपजत गळ्याचं काम नव्हे.

आता मुख्य मुद्दा. तिचा पहिला अल्बम ‘फ्रँक’ ऑक्टोबर २००३ मध्ये आला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. रॉन्सनचा त्यात काहीही संबंध नाही. बरीचशी निर्मिती सलाम रेमी या दुसऱ्या संगीत-निर्मात्याची. दोन जुनी जॅझ गाणी सोडली तर लेखनात सगळीकडे एमी आहे. २००४ मध्ये हा अल्बम ब्रिटनमधल्या मर्क्युरी या अल्बमसाठीच्या पुरस्काराच्या यादीत होता आणि त्यातल्या ‘स्ट्राँगर दॅन मी’ला आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार गळ्यासाठी नव्हे, गीतलेखनासाठी देतात. (गंमत म्हणजे एमी स्वतः ‘फ्रँक’वर फारशी खूश नव्हती, आणि तसं मुलाखतीत बेधडक बोलायची.)

मग गैरसमज आला कुठून? ‘फ्रँक’ अमेरिकेत निघाला थेट नोव्हेंबर २००७ मध्ये, ‘रिहॅब’ ज्यात आहे त्या दुसऱ्या अल्बमनंतर, ‘बॅक टू ब्लॅक’नंतर. ब्रिटनबाहेरच्या बहुतेकांना ती भेटली तीच ‘रिहॅब’मधून. त्यात २००८ च्या ग्रॅमीत तिला ‘सर्वोत्कृष्ट नवी कलाकार’ ठरवलं. पहिला अल्बम येऊन चार वर्षं उलटली होती!

रॉन्सनचं श्रेय नाकारायचं कारण नाही. साठीच्या दशकातला तो पितळी वाद्यांचा, ढोलांचा बाज आणण्यात त्याचा मोठा वाटा. पण ‘बॅक टू ब्लॅक’च्या मूळ अकरा गाण्यांपैकी सहा त्याची, पाच पुन्हा सलाम रेमीची. रेमीचं नाव मात्र त्या व्हायरल गोष्टीत कधीच नसतं.

त्याच ग्रॅमीत रॉन्सनला सर्वोत्कृष्ट निर्मात्याचा मान मिळाला, अगदी रास्त. ‘साँग ऑफ द इयर’, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याचा पुरस्कार, ‘रिहॅब’ला गेला. त्यावर नाव एकच होतं: एमी वाइनहाउस.