अस्वानचं न्युबियन संग्रहालय ‘इजिप्तचीच नक्कल’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन. दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानच्या न्युबियन संग्रहालयात सगळ्या इजिप्तसारख्याच मूर्ती आहेत, माझ्या लेखात सांगितलेल्या एका तासात काही कळत नाही, आणि खरं न्युबिया (अस्वानपासून दक्षिणेला पसरलेला नाईलकाठचा प्राचीन प्रदेश) सुदानात असताना वाचकांना अस्वानला कशाला पाठवायचं?

दुसरा आक्षेप मान्य. अडीच तास तरी धरायला हवेत. आणि किती वेळ देता यापेक्षा कधी जाता याने जास्त फरक पडतो. सहलवाले भल्या पहाटे अबू सिंबेलची देवळं बघायला नेतात, जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर होतात, आणि संध्याकाळी डोळे मिटत असताना संग्रहालयात सोडतात. मग लक्षात राहतो तो दालनातला इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचा भला थोरला पुतळा. त्यापेक्षा अबू सिंबेलच्या आदल्या दिवशी जा.

तुमच्या पहिल्या आक्षेपाचं मूळही हा रामसेसच असावा. पुतळा गर्फ हुसेनच्या देवळातला, म्हणजे न्युबिया ताब्यात ठेवणाऱ्यांचा. त्यालाच इतकी मोक्याची जागा देणं मला मांडणीतली चूक वाटते. त्याला वळसा घालून आधी मातीची भांडी गाठा. केर्मा या सुदानातल्या प्राचीन न्युबियन राजधानीचा पेला (साधारण इ.स.पू. १७५० ते १५००) वाकून, डोळे त्याच्या पातळीला आणून बघा. वर काळा, खाली तांबडा, मध्ये राखाडी-पांढुरका वेडावाकडा पट्टा. चाकाशिवाय, हाताने घडवलेला, तरी काठ अंड्याच्या टरफलासारखा पातळ. गेरूचा हात द्यायचा, गुळगुळीत गोट्याने घोटायचं आणि भाजताना तोंडाकडची बाजू राखेत-भुशात दाबायची. तिथे हवा पोचत नाही, कार्बन बसतो, म्हणून ती काळी. उघडं अंग तांबडं. इजिप्तच्या कुंभारांनी काळ्या तोंडाची भांडी त्याआधी हजारावर वर्षं सोडून दिली होती. विदर्भातल्या शिळावर्तुळांमधली काळी-तांबडी भांडी पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण ती बरीच नंतरची. भाजणी सारखी दिसली म्हणून लगेच नातं जोडू नये.

‘इजिप्तच्या मूर्ती, म्हणजे इजिप्तचीच वसाहत’ हा तर्क तुमच्याआधी जॉर्ज राइसनर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने केला होता. १९१३ पासून केर्मात खणताना त्याला एका प्रचंड थडग्यात हेपजेफा या इजिप्शियन अधिकाऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा, सेन्नुवीचा, असे पुतळे मिळाले. त्यावरून त्याने केर्मा हे इजिप्शियन सुभेदाराचं ठाणं ठरवलं. पण पुतळे थडग्यापेक्षा काही शतकं जुने निघाले. ते थडगं केर्माच्या राजाचं आणि पुतळे त्याने इजिप्तमधून आणवलेली लूट, असं आज मानतात.

पंचविसाव्या घराण्याच्या, म्हणजे इजिप्तवर राज्य केलेल्या कुशी (कुश या न्युबियन राज्याच्या) राजांपाशी आलात की कपाळाकडे बघा. डोक्याला घट्ट बसणारी टोपी, आणि इजिप्शियन राजांच्या कपाळावर एक नाग असतो तिथे यांचे दोन. इ.स.पू. ५९३ मध्ये कुशवर फौज पाठवणाऱ्या दुसरा साम्तिक या इजिप्शियन राजाच्या काळात इजिप्तमधल्या त्यांच्या प्रतिमांवरचा दुसरा नाग छिन्नीने उडवला गेला. नुसती नक्कल असती तर छिन्नी लावायची गरजच पडली नसती.

सुदानबद्दल तुमचं तत्त्वतः बरोबर. केर्माजवळ २००३ मध्ये स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांच्या पथकाला एका खड्ड्यात कुशी राजांचे फोडून पुरलेले सात पुतळे मिळाले. ते तिथल्या संग्रहालयात जोडून उभे केले, आणि तशी मांडणी अस्वानला नाही. पण एप्रिल २०२३ मध्ये पेटलेल्या युद्धात खार्टूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. अशा वेळी कुणाला तिकडे जा म्हणणार नाही.

परदेशातल्या वाचकांना मात्र जवळचे पर्याय आहेत. न्युबियातल्या फारसच्या ख्रिस्ती कॅथेड्रलमधली साठाहून अधिक भित्तिचित्रं वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, सुदानातल्या कावाला सापडलेला कुशी राजा तहार्काचा स्फिंक्स लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. राइसनरने नेलेला मोठा ऐवज बॉस्टनच्या कला संग्रहालयात आहे. वर सांगितलेली सेन्नुवीही तिथेच बसली आहे. तिच्यासमोर गेलात तर पाटीवर दोन गोष्टी शोधा: पुतळा घडला कुठे आणि सापडला कुठे.