मालकाला विचारून सांगा

परवा पिकअपचे टायर घ्यायला गेलो होतो. मागचे दोन्ही पार गोटा झालेले, इतके की कसाऱ्याच्या घाटात पावसात उतरताना ब्रेक मारला तर गाडी जरा विचार करून थांबली. टायरच्या खाचेत तो बारीक उंचवटा असतो ना, खाच 1.6 मिलिमीटर उरली की तो वर येतो आणि समजायचं टायर संपला, तर माझ्या टायरवर तो शोधावा लागत नव्हता, तोच काय तो उरला होता.

नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढे एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या पोराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पायात स्लीपर, पँटीवर मोरचुदाचे निळे डाग, गळ्यात पंचा. सकाळी पिंपळगावला टमाट्याचे कॅरेट उतरवून तसाच आलो होतो, लग्नाला चाललो नव्हतो. पोरगं म्हणालं, "दादा, मालकांचं बजेट किती आहे?"

मी 'मीच मालक' म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याला काय विचारतो रे, ड्रायव्हरला काय माहीत? फोन लावायला सांग मालकाला."

मागे टायरच्या थप्पीवर एक काका बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, हातात चहाचा कागदी कप. दुकानाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या स्कूटीचं पंक्चर शेजारी निघत होतं. पण बसले असे होते की दुकान त्यांच्या सासऱ्याने काढून दिलंय.

आता इथे मी बोलायला पाहिजे होतं, मान्य. पण खरं सांगायचं तर आरसी बुकावर नाव आमच्या आईचं आहे, म्हणजे कायद्याने बघितलं तर पोरगं बरोबरच होतं, आणि एकदा गप्प बसलं की पुढे दर मिनिटाला तोंड उघडणं अजून अवघड होत जातं, हा अनुभव ज्याचं लग्न झालंय त्याला सांगायला नको.

पोराने टायर आणला. साईज बरोबर, 215/75 आर 15. किंमतही चक्क कमी. मी वाकून बाजूचे आकडे वाचले तर लोड इंडेक्स 100. म्हणजे एका टायरवर 800 किलो. हा घरच्या गाडीचा टायर, चार माणसं आणि देवदर्शनाची पिशवी न्यायला. साईज तीच असते म्हणून खपवतात. पिकअपला 8 प्लायचाच, म्हणजे जड माल पेलणारा मजबूत टायर लागतो, 112 इंडेक्स म्हटलं तर एकावर 1120 किलो पेलतो. पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर वजन किती, आणि टमाटे किती भरतो हे मला विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, "हा नको, 8 प्लाय दाखव."

काका हसले. "बघ, मालकाच्या पैशावर ड्रायव्हरला भारीतलंच पाहिजे असतं."

दुसरा टायर आला. त्यावर शेवटचे चार आकडे 3223. म्हणजे 2023 सालचा बत्तिसावा आठवडा. मी म्हटलं, हा जुना माल आहे. पोरगं काही बोलायच्या आत काका उठले, चष्मा कपाळावर चढवला, टायरला नाक लावून वाचलं आणि जाहीर केलं, "तारीख नाही ही. फॅक्टरीचा पिनकोड आहे."

"काका, पिनकोड सहा आकडी असतो."

"जुना असेल."

यावर काय बोलणार? माणूस चूक असेल तर पटवता येतं, माणूस निवांत असेल तर नाही. मग त्यांनी टायरमध्ये अंगठा दाबून बघितला, जसा आपण हापूस बघतो, आणि 'रबर चांगलंय' म्हणाले. मग सातपूरला पूर्वी टायर कसे मिळायचे, मग सिंहस्थ, मग सिंहस्थासाठी उकरलेले रस्ते. तेवढ्या एका विषयावर आमचं जमलं. 2027 ला साधू येतील तेव्हा रस्ते गुळगुळीत असतीलही, तोपर्यंत खड्ड्यातून टायर फोडायचे आम्ही आणि पुण्य मिळवायचं दुसऱ्यांनी.

जमलं म्हणून असेल, काका एकदम मायाळू झाले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाळा, तुला टायरमधलं कळतं. पगार किती देतो मालक?"

मी काहीच बोललो नाही.

"माझ्या भाच्याला ड्रायव्हर पाहिजे. अठरा हजार, जेवण त्याचं. रविवारी सुट्टी." खिशातल्या दोन पेनांपैकी एक चाललं नाही, दुसऱ्याने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

हसू आलं खरं, पण तिथेच उभ्या उभ्या मनात हिशोब सुरू झाला तो काही थांबेना. रोपं, औषध, मजुरी, कॅरेटचं भाडं, डिझेल, टोल, हमाली, आणि सकाळी 20 किलोच्या कॅरेटला जो भाव मिळाला तो इथे लिहीत नाही, आई हे वाचते. सगळं वजा करून गेल्या सहा महिन्यांत महिन्याला अठरा हजार एकदाही हातात राहिले नाहीत. रविवारची सुट्टी तर टमाट्याला माहीतच नाही.

मग बाहेर जाऊन मालकाला फोन केला. म्हणजे बायकोला. ती म्हणाली, "अहो, चांगलेच घ्या, घाट आहे. आणि दोनच घ्या." दोन्ही वाक्यांत मालकाचाच आवाज होता.

शेवटी ताज्या तारखेचे, 8 प्लायचे दोन घेतले. टायरवरचा जीएसटी 2025 च्या सप्टेंबरात 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तर बिल बघून मी विचारलं, मग तुझा रेट पूर्वीचाच कसा? पोरगं म्हणालं, "मालकांना सांगा, आम्ही समजावू." नायट्रोजन भरू का हेही विचारलं. हवेत 78 टक्के तोच असतो, म्हटलं साधी भर.

गाडीत बसलो तर पोरगं खिडकीशी आलं, इकडेतिकडे बघितलं आणि घडी केलेली दोनशेची नोट माझ्या हातात कोंबली. "चहापाणी. मालकांना बोलू नका."

घेतली. त्यातल्या पैशाने पुढे मिसळ खाल्ली, एक्स्ट्रा पाव घेतला. घरी अजून सांगितलेलं नाही. भाच्याच्या नंबरची चिठ्ठी डॅशबोर्डवर आहे, फेकायची रोज राहूनच जाते.