सबब, जास्तीचे शब्द मंजूर व्हावेत

मार्च महिन्यातला एक अख्खा शनिवार मी ‘द’ वेचण्यात घालवला. तांदळातले खडे वेचतात तसे. इंग्रजीतला ‘द’, जो शाळेत कुठे घालायचा ते कळायचं नाही आणि आता कुठून काढायचा ते कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा निघाले. नवऱ्याला अभिमानाने आकडा सांगितला. तो म्हणाला, “बरं. भाजी कोण आणतंय?”

मी न्यू जर्सीत वकिली करते, तीही फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टांतल्या अपिलांची. ह्यात ना साक्षीदार, ना ज्युरी, ना टेबलावर मूठ आपटणं. असतं ते ब्रीफ, म्हणजे कोर्टाला द्यायचा लेखी युक्तिवाद. ‘ब्रीफ’ म्हणजे थोडक्यात, ह्यावरचा विनोद इथल्या प्रत्येक वकिलाने एकदा तरी करून झालाय, म्हणून मी करत नाही. थोडक्यातली मर्यादा 13,000 शब्दांची. 1998 पर्यंत ती पानांत होती, 50 पानं. मग वकील मंडळींनी टाइप बारीक केला, समास खाल्ले, अर्धा खटला तळटिपांत कोंबला. शेवटी कोर्टांनी शब्दच मोजायला घेतले, 14,000. डिसेंबर 2016 पासून त्यातलेही हजार कापले. तळटिपा मोजतात, मथळे मोजतात, दुसऱ्याचं उद्धृत केलेलं वाक्यही आपल्याच खात्यात. अनुक्रमणिका वगैरे फुकट. शेवटी शब्दसंख्येचं प्रमाणपत्र जोडून खाली सही ठोकायची.

माझ्या मसुद्याचे झाले होते 17,640.

माझी बाजू अशी, की खटला पाच आठवडे चालला होता. चार प्रतिवादी, त्या चौघांचे चार बचाव, आणि नऊ हजार पानांचं रेकॉर्ड. पण असं सगळ्यांचंच असतं. आमची अपिलं जिथे जातात त्या फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किट कोर्टाने तर 2012 मध्ये वैतागून आदेशच काढला होता, की साधारण चारातल्या एका अपिलात हा मर्यादा वाढवून द्या म्हणणारा अर्ज येतोय, तेव्हा ह्यापुढे असामान्य परिस्थिती दाखवा, आणि अर्ज शक्यतो मुदतीच्या पंधरा दिवस आधी करा. म्हणजे ब्रीफ पंधरा दिवस आधी जवळजवळ लिहून हवं. हे वकिलाला सांगणं म्हणजे मांडववाल्याला आदल्या आठवड्यात मांडव घाल म्हणण्यासारखं.

“आधी काप, मग माग,” आमचे सीनियर म्हणाले. म्हणून ते ‘द’. ‘इन ऑर्डर टू’चं नुसतं ‘टू’ केलं की दोन शब्द सुटतात. ‘द फॅक्ट दॅट’ दिसलं की तीन. मी लिहायचे कमी आणि स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायचे जास्त. पेट्रोल पंपावर आपण मीटरकडे बघतो तसं.

रात्री साताऱ्याला नानाकाकांशी व्हिडिओ कॉल होता. काकांनी चाळीस वर्षं जिल्हा न्यायालयात काढली, हिरव्या लेजर पेपरवर, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला पानामागे पैसे मोजून. त्यांना माझं दुखणं समजायला दहा मिनिटं गेली.

“म्हणजे तुला बोलायचंय आणि कोर्ट नको म्हणतंय?”

“नको नाही हो काका, मोजून बोल म्हणतंय.”

“मराठीत दे की मग,” काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

फोन ठेवला, पण मला झोप येईना. काका चेष्टेत खरं बोलले होते. ‘कोर्टासमोरच्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. हेच इंग्रजीत म्हणायला मोजून आठ लागतात. आपली विभक्ती शब्दाला चिकटते, ‘समोर’ चिकटतं, ‘च्या’ चिकटतं, ‘सुद्धा’ही चिकटतं, आणि वर्डच्या खात्यावर एकच पडतो. माझं अख्खं ब्रीफ मराठीत नऊ हजारांत बसलं असतं, वर चार म्हणींना जागा उरली असती.

सकाळी हे सीनियरना सांगितलं. ते हसले नाहीत. चिकटवण्याचा प्रयोग इंग्रजीत होऊन गेलाय म्हणाले. 2015 मध्ये फेडरल सर्किट नावाच्या दुसऱ्या अपील कोर्टात एका ब्रीफात खटल्यांच्या संदर्भांतल्या मोकळ्या जागाच पुसून टाकल्या होत्या, म्हणजे लांबलचक नावाचा खटला एका शब्दात मावला. संगणकाला ते पटलं, न्यायमूर्तींना पटलं नाही. अपीलच फेटाळलं.

मी मुकाट्याने अर्ज लिहायला घेतला. अर्जालाही मर्यादा आहे, 5,200 शब्दांची. मी 4,100 लिहिले आणि संयमाबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली. सीनियरनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. “हा अर्ज वाचूनच ते नाही म्हणतील.” तो दोन पानांवर आला. मागणी 16,500 ची.

मग विरुद्ध पक्षाला विचारायचं, तुमची हरकत आहे का. त्यांचं उत्तर वीस मिनिटांत आलं, अतिशय गोड: हरकत काहीच नाही, फक्त आम्हालाही तेवढेच शब्द मिळावेत. खडे मी वेचले होते, आणि भात अर्धा त्यांच्या ताटात.

नऊ दिवसांनी आदेश आला. अंशतः मंजूर, 14,500, दोन्ही पक्षांना. कारण दिलेलं नाही. आदेश एकतीस शब्दांचा होता. हो, मोजले.

उरलेले कापताना तेविसावी तळटीप गेली. तिच्यात त्यांचा साक्षीदार उलटतपासणीत सांगतो, की तो ईमेल मी वाचलाच नाही, मी फक्त त्याला उत्तर दिलं. एकशे अठरा शब्द. सीनियर म्हणाले, निकालावर काही फरक पडत नाही. नसेल पडत. मी ती वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवली, लहान मुलाचा पहिला दात ठेवतात तशी.

महिन्याभराने विरुद्ध पक्षाचं ब्रीफ आलं. मी आधी शेवटचं पान उघडलं, प्रमाणपत्र बघायला. 8,412.

आता त्याला उत्तर द्यायचंय. उत्तराच्या ब्रीफला मर्यादा 6,500 ची. काल रात्री नवऱ्याने जेवताना विचारलं, किती झाले.

“सात हजार शंभर,” मी म्हटलं. “आणि तेविसावी टीप अजून आत घ्यायचीय.”