नाही म्हणायचं तर लेखी म्हणा
बडोद्याच्या विद्यापीठात कार्यक्रम घ्यायचा तर विद्यार्थ्यांनी बाहेरच्या वक्त्याचं नाव, विषय, भाषणाचा सारांश आधी द्यावा असं तुमच्या लेखात म्हटलंय त्याला माझा विरोध नाहीये, हॉल लागतो, सिक्युरिटी लागते, तर आधी सांगावंच लागणार ना. खरी गोची पुढे आहे. अर्ज डिपार्टमेंटमधून डीनकडे, तिथून रजिस्ट्रारकडे, आणि स्पष्टपणे ‘नाही’ असं कोणीच म्हणत नाही, फक्त आदल्या संध्याकाळी फोन येतो की हॉलचा एसी बिघडलाय! आमच्या मुलीच्या कॉलेजात हेच झालं, पोस्टर लागली होती आणि वक्ते मुंबईहून गाडीत बसले पण होते.
इंग्लंड-वेल्समध्ये १९८६ च्या कायद्यानेच विद्यापीठांना बांधून घातलं होतं की पाहुण्या वक्त्याच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचीही काळजी घ्या आणि सभांचे नियम लिहून ठेवा. आपल्याकडे मुदत फक्त विद्यार्थ्यांना, ऑफिसला कसलीच नाही. आणि हे कुठे, तर बडोद्यात, जिथल्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबियाला गेले!
सात दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं, एवढी एक ओळ टाका नियमात. आणि हो, बंदोबस्ताचं बिल पोरांच्या माथी मारलं की वेगळी बंदी घालायची गरजच काय उरते?