सातबाऱ्यावर नसलेली माणसं

जमीन विकणारा माणूस पहिल्या भेटीत दोन वाक्यं हमखास बोलतो. "टायटल एकदम क्लिअर आहे" हे पहिलं आणि "सगळं आपलंच आहे" हे दुसरं. मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते. त्यात किती चुलते, किती आत्या आणि किती सावत्र भाऊ दबा धरून बसलेत, हे हुडकण्यालाच टायटल सर्च म्हणतात.

पुरावा मागितला की तो खिशातून सातबारा काढतो. डिजिटल सहीचा, कालच उतरवलेला. पण सातबारा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. तो महसुलाचा कागद आहे. सरकारने सारा कोणाकडून घ्यायचा, यासाठी जन्मलेला. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यावरची नोंद खरी मानतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे हक्क बदलल्याच्या महसुली नोंदीने, मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्यांदा सांगून झालंय की त्याचाच एक फेरफार धरायला हरकत नव्हती. बरं, खरेदीखत नोंदवणारे दुय्यम निबंधक तरी बघतील? तेही नाही. ते दस्त नोंदवतात. विकणारा खरोखर मालक आहे का, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर येतच नाही. उरतो तो वकील. आणि तो अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो: "मला पुरवलेल्या कागदपत्रांच्या आधारे".

खरी गंमत फेरफारांत असते. सातबाऱ्यावर नावांशेजारी जे आकडे दिसतात, त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक फेरफार आणि प्रत्येक फेरफार म्हणजे त्या घरातला एक मृत्यू, एक वाटणी किंवा एक भांडण. ते एकेक करून मागे वाचत जायचे. चार दिवसांत त्या अनोळखी घराण्याची वंशावळ तुम्हाला स्वतःच्या घराण्यापेक्षा पाठ होते.

वाचताना दोन लघुरूपांपाशी थांबा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो गृहस्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. नाव त्याचं, जमीन सगळ्या कुटुंबाची. 'अ.पा.क.' असेल तर हिस्सा अज्ञान मुलाचा आणि नाव पालकाचं. अज्ञानाचा स्वतःचा हिस्सा पालकाने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकला असेल, तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार रद्द करून मागू शकतं. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीखही टायटलचाच कागद.

मग बहिणी. जुन्या वारस नोंदी वाचल्या तर कित्येक घरांत फक्त मुलगेच जन्मले, असं वाटावं. क्वचित कुणा कनवाळू तलाठ्याने बहिणींची नावं 'इतर हक्क' रकान्यात, कर्जाच्या बोज्याशेजारी टाकलेली असतात. "त्यांनी हक्क सोडलाय" असं भाऊ सांगतो. कुठे सोडलाय? तलाठ्यापुढे जबाब दिला, आम्हाला काही नको म्हणून. जबाबाने स्थावरातला हक्क सुटत नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच सहहिस्सेदार झाली, आणि त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तेव्हापासून भावांना बहिणींची आठवण भाऊबीजेखेरीजही येऊ लागली आहे. माझं ऐकाल तर बहिणींना खरेदीखतातच 'लिहून देणार', म्हणजे विकणाऱ्यांपैकीच एक, म्हणून घ्या. 'संमती देणार' म्हणून सही घेण्यापेक्षा ते बरं.

'इतर हक्क' हा रकाना मी सगळ्यात आधी वाचतो. कुळाचं नाव आहे? वर भूधारणेपुढे भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलंय? कूळकायद्याच्या कलम 43 चा, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरच्या बंधनाचा, शेरा आहे? यातलं काहीही असलं की परवानगी लागते का ते आधी आणि इसार नंतर. उलटं करणारे पुष्कळ भेटतात. शिवाय शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी हवा, नाहीतर त्याच कायद्याचं कलम 63 आडवं येतं.

एवढं झाल्यावर सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू, निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तांची सूची. शोध साधारण 30 वर्षांचा घेतात. गहाण सोडवण्याचा दावा 30 वर्षांपर्यंत चालतो, सरकारचा ताब्याचा दावाही तेवढाच. तेव्हा त्याहून कमी शोध म्हणजे अर्धवट झोप. निबंधक कार्यालयातल्या जुन्या वह्यांची काही पानं फाटलेली असतात. अहवालात तसं प्रामाणिकपणे लिहितात: "अमुक वर्षाची पाने फाटलेली." फाटलेल्या पानावर काय होतं, हे फक्त ज्याच्याकडे मूळ दस्त आहे त्यालाच ठाऊक, आणि तो आपल्याला ओळखत नाही.

म्हणून मूळ कागद डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर भागवू नका. "लॉकरमध्ये आहेत" असं उत्तर आलं तर लॉकर कोणाचा ते विचारा. मूळ दस्त बँकेकडे ठेवून कर्ज काढता येतं आणि त्या गहाणाला खत लागतच नाही. 2013 नंतरच्या अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करायची असते. सरसाई (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतही शोध घ्यावा. पतसंस्था किंवा सावकार मात्र दोन्हीकडे सापडेलच असं नाही.

शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. "हरकत असल्यास 15 दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल." समजा की! पेपर न वाचल्याने कोणाची मालकी जात नाही. नोटिशीचा उपयोग तुम्ही प्रामाणिकपणे चौकशी केलीत, एवढं दाखवण्यापुरता. मी तिच्यापेक्षा शेजारच्या बांधावर जास्त विश्वास ठेवतो. शेतात जाऊन नांगर कोणाचा चालतो ते बघावं, लगतच्या खातेदाराला चार प्रश्न विचारावेत, मोजणी मागवावी. कागदावर जिचा पत्ता नाही अशी विहीर तिथे निघते, आणि विहिरीत तिघांचे पंप.

हे सगळं पार पडून खरेदीखत नोंदवलं, की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला पुन्हा 15 दिवस मिळतात. जाहीर नोटिशीच्या वेळी गाढ झोपलेला चुलतभाऊ नेमका आता जागा होतो. त्याचा एका ओळीचा अर्ज येतो, तुमची नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते आणि सुनावणीची तारीख पडते. त्या तारखेला तो येत नाही.