प्रेरणा दुसऱ्या मजल्यावर राहते

गेल्या गुरुवारी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊ एवढा वेळ मी कसबा पेठेत 'संशयित इसम' होतो. हा हुद्दा मला बनियनमधल्या एका काकांनी बहाल केला आणि फोटोसकट तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाहीर केला. मजकूर असा : 'सदर इसम आपल्या भागात कॅमेरा घेऊन फिरत आहे. विचारले असता समाधानकारक उत्तर देत नाही. सावध राहा.' यातलं मधलं वाक्य खरं आहे. मी नेमकं काय काम करतो याचं समाधानकारक उत्तर मला अकरा वर्षांत माझ्या सासऱ्यांनाही देता आलेलं नाही.

मी ग्राफिक डिझायनर आहे. म्हणजे होतो. मग लोक म्हणाले, लोगो करताच आहात तर मालाचे चार फोटोही काढून टाका. फोटो काढताच आहात तर एक रील करायला काय जातंय? अशी माझी तीन माणसं झाली. पैसे एकाचेच मिळतात.

सध्याचे माझे अन्नदाते मसाले करतात. त्यांना लोगो, पाकीट, फोटो आणि रील असं सगळं पाहिजे, 'काहीतरी हटके पाहिजे, पण लोकांना सवयीचं वाटलं पाहिजे.' त्यांनी कुठूनतरी ऐकलंय की नायकीचं ते बरोबरच्या खुणेसारखं चिन्ह १९७१ साली एका विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये करून दिलं. तेव्हाच्या भावाने अडीचशे-पावणेतीनशे रुपये. माझं कोटेशन हातात धरून त्यांनी मला ही गोष्ट दोनदा सांगितली. त्याच कॅरोलिन डेव्हिडसनबाईंना पुढे कंपनीने बोलावून शेअर दिले, हा उत्तरार्ध मी एकदाच सांगितला. तेव्हा त्यांना फोन आला.

तर मला सुचेना. पिंटरेस्ट या चित्रांच्या साइटवर 'मसाल्याचं पाकीट' शोधलं की तेच खाकी कागदाचं पाकीट येतं, तीच रांगोळीसारखी नक्षी, तीच वरून संथ गतीने पडणारी लाल मिरची. जगभरातले डिझायनर एकमेकांच्या वहीत बघून पेपर लिहीत असल्यासारखे. तीन तासांनी मी नवरीच्या मेंदीच्या डिझाइनांपाशी होतो आणि तिथे कसा पोचलो हे आठवत नव्हतं.

मग आमच्या धंद्यातल्या थोरांचे मार्ग धरले. मिल्टन ग्लेझरला 'आय लव्ह न्यूयॉर्क'चं ते लाल बदामवालं चिन्ह १९७६ साली टॅक्सीच्या मागच्या सीटवर सुचलं. लाल क्रेयॉनने पाकिटावर खरडलेला तो कागद आज तिथल्या मोमा संग्रहालयात आहे. मी मुलीचा लाल क्रेयॉन घेतला आणि मंडईपासून स्वारगेटपर्यंत रिक्षाने गेलो. कागदावर जे उमटलं ते हृदयरोगतज्ज्ञाला दाखवण्यासारखं होतं. पॉला शेअरने १९९८ मध्ये सिटी बँकेचा लोगो पहिल्याच मीटिंगमध्ये नॅपकिनवर काढला म्हणतात. म्हणून मिसळीच्या हॉटेलात टिश्यूवर प्रयत्न केला. त्यावर तर्री सांडली. कागद पारदर्शक झाला आणि खालच्या टेबलावर आधीच्या गिऱ्हाइकाने सांडलेला रस्सा दिसायला लागला. मला तर वाटतं त्यांच्याकडच्या प्रेरणेचं निम्मं श्रेय रस्त्यांना आणि कोरड्या जेवणाला आहे.

शेवटी गुरुवारी पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडलो, कारण गल्लीबोळांत जुने बोर्ड असतात आणि कोवळ्या उन्हात ते बरे दिसतात. आणि एका वाड्याच्या दाराशी, बंद शटरच्या वर, मला तो दिसला. पत्र्याचा बोर्ड, पिवळ्या जमिनीवर निळी अक्षरं, उजवीकडून लाल शेड : 'येथे सायकली भाड्याने मिळतील'. सायकली जाऊन वीस-पंचवीस वर्षं तरी झाली असतील. बोर्ड तेवढा राहिलाय. पेंटरने खडूची दोरी ताणून टिचकी मारली असणार, कारण शिरोरेषा आजही सुतात आहे. पण जागेचा हिशेब चुकलाय. 'येथे सायकली' ऐसपैस पसरून बसलेत, 'भाड्याने' जरा सावरून, आणि 'मिळतील' येईपर्यंत पत्रा संपलाय. एकाच बोर्डवर दोन 'ल'. 'सायकली'तला जेवून उठलेला, 'मिळतील'मधला एकादशीचा. कुठल्या फॉन्टमध्ये मिळतं हे? मी अक्षरशः हरखलो. तीन पावलं मागे गेलो, दोन पुढे आलो, जरा डावीकडे सरकलो.

"कोणत्या खात्याचे?" मागून आवाज आला.

बनियन, पंचा, हातात दात घासायचा ब्रश. तोंडातला फेस त्यांनी प्रश्न विचारून झाल्यावर थुंकला, म्हणजे प्रश्न तातडीचा होता.

"कोणत्याच नाही, काका."

"मग बिल्डरचे."

पेठेतल्या वाड्यापुढे सकाळी उभ्या असलेल्या परक्या माणसाला या दोनच जाती. मी तिसरी असल्याचं सांगायला लागलो तर काकांनी हात वर केला. "तीन पावलं मागे गेलात, दोन पुढे. मग डावीकडे. मी खिडकीतून मोजत होतो. मापं घेताय."

"फ्रेम लावत होतो हो. अख्खा बोर्ड येत नव्हता."

"मागच्या दिवाळीआधी एकजण असाच आला. टेप त्याच्याकडेही नव्हती. पावलांनी मोजून गेला. महिन्याभरात नोटीस!" पुढची दहा मिनिटं मी त्या वाड्याचा इतिहास ऐकला. वाडा सात चुलत भावांत आहे. त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत, एक अमेरिकेत आहे आणि सही करत नाही, एक वारलाय आणि त्याची सही मात्र एका कागदावर आहे. मूळ कागदपत्रं कुठे आहेत ते फक्त काकांना ठाऊक आहे आणि ते काका मेले तरी सांगणार नाहीत. हे मी विचारलं नव्हतं.

"काका, मी डिझायनर आहे."

"कशाचे?"

"लोगो करतो, पॅकिंग करतो..."

"म्हणजे पॅकर्स अँड मूव्हर्स! आमचं सामान बांधायलाच आलात की!"

एवढ्यात तिथे दूधवाला थांबला होता आणि फुलं तोडायला निघालेल्या दोन आजी. मला वाटलं, माणसाला आपण नीट समजावून सांगत नाही म्हणून तो चिडतो. मी बोर्डाकडे बोट केलं. "हा 'ल' बघा, काका. पाकळीचा. हा खरा मराठी 'ल'. मोबाइलवर आपल्याला बरेचदा दिसतो तो हिंदी वळणाचा. २००९ मध्ये सरकारने शासन निर्णय काढून सांगितलं की मराठीत 'ल' पाकळीयुक्त आणि 'श' देठयुक्त..."

"आला का जीआर!" काका दूधवाल्याकडे वळले. "बघ. खात्याचाच निघाला."

इथे मी दमलो आणि जे बोलायला नको होतं ते बोललो. "अहो, मी इथे फक्त प्रेरणा शोधतोय."

गल्ली एकदम शांत झाली. काकांनी ब्रश खाली केला.

"कोण प्रेरणा?"

"कोणी नाही. प्रेरणा म्हणजे... प्रेरणा."

"प्रेरणा दुसऱ्या मजल्यावर राहते. लग्न झालंय तिचं."

"तसं नाही हो! मी गेले आठ दिवस शोधतोय. पिंटरेस्टवर शोधली, मंडईत शोधली, मिसळीच्या हॉटेलात..."

"आठ दिवस!" एक आजी म्हणाली.

"अरे," काकांनी दूधवाल्याला साक्षीला काढलं, "याला आठ दिवसांत इथे पाहिलंस?"

दूधवाल्याने मला किटलीच्या झाकणावरून न्याहाळलं. "असेल. दाढीवाले लय असतात."

"अहो काका, तुमचा गैरसमज होतोय. प्रेरणा कुठेही मिळू शकते, कोणालाही..."

"तोंड सांभाळा!" काका गरजले. मग माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा एका हाताने धरून त्यांनी वर बघून हाक मारली, "प्रेरणाऽऽ! जरा खाली ये गं!"

मला ओट्यावर बसवण्यात आलं. पट्टा काकांच्याच हातात होता, त्यामुळे गळ्याला दोरी बांधलेल्या बैलासारखा मी बसलो. आता हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण तिथे बसलेलो असताना मला खरंच राग आला होता. काकांचा नव्हे. तो सगळा वेळ कोणाच्या बिलात धरायचा याचा. एकदा मी बिलात 'विचार : आठ तास' अशी ओळ टाकली होती. गिऱ्हाइकाने तिच्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'हे काय?' छापखान्याचं बिल मुकाट्याने देतात, कारण तिथे मशीन फिरताना दिसतं. आम्ही नुसते छताकडे बघत बसलेले दिसतो. वर 'माझा भाचा मोबाइलवर दोन मिनिटांत करतो' हे आहेच. त्या बोर्डाचा पेंटर तरी दोन दिवस शिडीवर चढलेला गल्लीने पाहिला असेल, चहाही दिला असेल. मग फ्लेक्स आला, स्क्वेअर फुटाच्या भावाने अक्षरं मिळायला लागली आणि तो शिडीवरून उतरला. तो पुढे काय करायला लागला हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मलाही कोणी विचारणार नाहीये.

प्रेरणा खाली आली. ओले केस, एका हातात डबा, निघायच्या घाईत.

"हा तुला आठ दिवस शोधतोय," काका म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, मानेकडे. मग खांद्याकडे. मग पुन्हा मानेकडे.

"मान कायम अशीच पुढे असते का तुमची?"

"अं?"

"कॉम्प्युटरवर किती तास?"

"दहा-बारा."

"आणि कॅमेरा उजव्या खांद्याला. खांदा उतरलाय बघा."

"उतरलाय म्हणते," काकांनी आजींना सांगितलं.

बाई फिजिओथेरपिस्ट निघाल्या. तिला उशीर होत होता, पण माझी मान तिला बघवत नसावी. "उठा. त्या शटरला पाठ लावा. टाचा चिकटवा. हात खाली सरळ. आता डोकं मागे, हनुवटी आत. अजून आत. दुहेरी हनुवटी होऊ दे, लाजू नका. धरा दहा सेकंद."

मी धरली. त्या दहा सेकंदांत काकांनी खिशातून... बनियनला खिसा नव्हता, पंच्यातून मोबाइल काढला आणि माझा फोटो घेतला.

"रोज दहा वेळा, तीनदा," असं म्हणून प्रेरणा गाडीला किक मारून गेली. मी कोण, कशाला आलो, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. त्या सकाळी माझ्याशी कामाचं बोललेली ती एकटीच. फुकट बोलली, हेही इथे नोंदवतो.

संध्याकाळी मसालेवाल्यांचा मेसेज आला. सोबत तो फोटो, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला'. खाली त्यांचा प्रश्न : 'हे तुम्हीच ना?' मी नाकारायच्या तयारीत होतो, तोवर दुसरा आला. 'फोटो कोणी काढलाय? लाईट भारी आहे. आपल्या मिरचीला असा लूक पाहिजे.'

मी फोटो मोठा करून पाहिला. शटरला पाठ, हात खाली, हनुवटी गळ्यात. पोलीस ठाण्याच्या फलकावर लावायला तयार. पण लाईट खरंच भारी होता. समोरच्या इमारतीवरून आलेलं तिरपं ऊन पत्र्याच्या गंजावर पडलं होतं, लाल शेड पेटल्यासारखी दिसत होती, आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर, अंग चोरून बसलेलं 'मिळतील'. काकांना कॅमेरा तिरका धरल्याचंही भान नव्हतं, आणि त्या तिरकेपणानेच फोटोत जान आली होती. मी काढलेल्या एकेचाळीस फोटोंपैकी पहिले चार हलले होते, उरलेल्या सगळ्यांत काकांचा तळहात होता. दोन लाखांचं सामान गळ्यात घालून मी काय केलं, तर मॉडेलिंग.

रात्री त्या अक्षरांवरून लोगो काढायला बसलो. पहिला 'ल' जाडजूड, शेवटचा चेपलेला. आठ दिवसांत पहिल्यांदा हात चालला. पण व्हॉट्सॲपवरून दहा हातांनी फिरून आलेला फोटो, मोठा केला की अक्षरांच्या कडांचा नुसता भुगा. मला मूळ फोटो हवा होता. परत त्या गल्लीत जायची हिंमत नव्हती. मसालेवाल्यांच्या आत्याकडून काकांचा नंबर मिळवला आणि काल सकाळी, शक्य तितक्या नम्रपणे, फोन लावला.

"काका, तुम्ही गुरुवारी फोटो काढला होता ना माझा, फार सुंदर आलाय."

"हां," काका जरा खुलले.

"तो मला जरा डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का?"

पलीकडे शांतता. कुकरची एक शिट्टी ऐकू आली.

"कुठलं डॉक्युमेंट?"

"कुठलं नाही हो. फोटोच. फक्त डॉक्युमेंट करून पाठवला की फुटत नाही..."

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी मसालेवाल्यांनी मला एक मेसेज फॉरवर्ड केला. फोटो तोच. मजकूर नवा : 'सदर इसमाने आता कागदपत्रांची मागणी सुरू केली आहे.'